माझ्याही गुडघ्याचा फोटो

पोटच्या पोरीवर कुणी जळतं का? मी जळले. आणि कशावरून, तर तिच्या गुडघ्याचा एमआरआय निघाला आणि माझा निघाला नाही, यावरून. ऐकणारे हसतात. हसू द्या. ज्याचा गुडघा जिन्यात दगा देतो त्यालाच ते कळतं.

आधी माझ्या गुडघ्याचं सांगते, कारण तो आधी गेला. माझं माहेर मुदखेडजवळचं. शाळेत मी खो-खो खेळायचे, आणि बरी नाही, चांगली खेळायचे. खांबावर सूर मारावा तर हिनंच, असं गावातली माणसं म्हणायची. बारावीत असताना नांदेडला निवड चाचणी होती. तिथं खांबाजवळ वळताना माझा डावा पाय मातीत रुतला आणि अंग तेवढं पुढं गेलं. गुडघ्यात कट्‌कन आवाज झाला. तो मला ऐकू आला, दुसऱ्या कुणालाच आला नाही, आणि माझं सगळं दुखणं तिथून सुरू झालं.

मला एसटीच्या मागच्या सीटवर आडवं टाकून गावी आणलं. एका म्हातारीनं पाय चोळला, मग बिब्ब्याचे चटके दिले, मग मिठाच्या पुरचुंडीनं शेकलं. सूज उतरली, मी चालायला लागले. पण पळता पळता वळले की गुडघा निसटायचा, मांडी एकीकडं आणि नळी दुसरीकडं. आमचे सर म्हणाले, "पोरीचा जीव घाबरलाय, बाकी काई न्हाई." वडील म्हणाले, "बस झाला खेळ." पुढच्या वर्षी लग्न होऊन उदगीरला आले. इथं सासूबाईंनी माझ्या गुडघ्याचं बारसंच करून टाकलं. नाव ठेवलं सोंग. खाली बसून भाकरी थापता येईना, सोंग. जिन्यात कठडा धरला, सोंग. "एवढी खेळाडू व्हती म्हणं, अन् पाटावर बसाया येईना!" हे मी आल्यागेल्या प्रत्येक पाहुण्यासमोर ऐकलंय. आमचे हे, म्हणजे माझे मालक, आडत दुकानात कामाला आहेत. त्यांचं उत्तर ठरलेलं, "वजन कमी कर."

मला ना औषध पाहिजे होतं, ना ऑपरेशन. मला एवढंच पाहिजे होतं की कुणीतरी आत डोकावून बघावं आणि म्हणावं, बाई, हे खरंच तुटलंय, तू घाबरली नव्हतीस. आणि ते सासूबाईंच्या देखत म्हणावं.

मी घरी ब्लाउज शिवते. मशीनचं पायडल एकट्या उजव्या पायानं मारते. इतकी वर्षं घरातलं माणूस माझ्या शेजारी बसून चहा पितं, पण डावा पाय बाजूला का ठेवलाय म्हणून कुणी विचारलं नाही.

माझी पोरगी अकरावीत आहे. खो-खो खेळते. तिला सूर मारायला शिकवलं कुणी? मी. घरामागं मोकळी जागा आहे, तिथं एक लाकडी खांब रोवला, खाली माती भुसभुशीत केली, साडी खोचली आणि शिकवलं. मी अर्ध्यापर्यंत करून दाखवायचे, पुढचं ती करायची. तिला वाटायचं, आईला लाज वाटते म्हणून आई पुरता सूर मारत नाही. ती माझ्याहून चपळ निघाली. तेव्हाच पोटात थोडं दुखायला लागलं होतं, पण तेव्हा मी त्याला कौतुक म्हणायचे.

यंदा तिचं राज्याच्या संघासाठी नांदेडला शिबिर लागलं. तिथून तिच्या मॅडमचा फोन आला. "ताई, घाबरू नका, गुडघा पिरगळलाय." मी घाबरलेच. पण आमच्या ह्यांच्याकडं बघत राहिले. माणूस ताटावरून उठला, हातही न धुता गाडी ठरवायला पळाला. सासूबाई म्हणाल्या, "मी बी येते," आणि पोरीचे कपडे स्वतः पिशवीत भरले. वीस पावलांवरच्या देवळात जायचं तर ज्यांचे पाय दुखतात, त्या नांदेडपर्यंत ताठ बसून आल्या.

पोचलो तर पोरगी दवाखान्यात खाटेवर, पायाखाली दोन उशा, गुडघ्यावर बर्फ. मैत्रिणींचं कोंडाळं. मॅडम स्वतःच्या हातानं बिस्किटं भरवून राहिल्या होत्या. प्रत्येकीच्या मोबाईलवर हिचा फोटो आणि खाली 'लवकर बरी हो'. रडणाऱ्या पोरीला जवळ घेतलं, पदरानं तोंड पुसलं, सगळं केलं मी. आणि आतल्या आत म्हणत होते, बाई गं, केवढे हे लाड! मला कुणी बर्फाचा खडा तरी दिला होता का?

डॉक्टरांनी पाय हातात धरला तशी ती किंचाळली. त्यांनी पाय सोडून दिला आणि आम्हाला समजावलं. गुडघ्याच्या आत मांडीचं हाड आणि नळीचं हाड एकमेकांना बांधून ठेवणारी दोरी असते, तिला लिगामेंट म्हणतात. पळता पळता अचानक वळलं, पाय जागीच अडकला, की ती फाटू शकते. फाटताना कधीकधी आवाज येतो. एक्स-रेत ती दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसते. फाटली असेल तर यंदाचा खेळ विसरायचा.

हे सगळं ते पोरीकडं बघून सांगत होते आणि मी भिंतीला टेकून ऐकत होते. आवाज येतो म्हणे. मला वाटलं, यांच्या टेबलावर चढून ओरडावं की आला होता, मला आला होता! आमचे हे एकेक शब्द असा ऐकत होते, जणू गुडघा हा प्रकारच आज पहिल्यांदा निघालाय. "साहेब, आत्ताच्या आत्ता काढू," म्हणाले. मला म्हणालेले "वजन कमी कर" कुठं गेलं?

एमआरआयच्या ठिकाणी मशीन चालवणाऱ्यानं पोरीला विचारलं, अंगावर काही धातू आहे का? कानातलं, पैंजण, हूक, पिन, काहीही. आतलं चुंबक लई ताकदीचं असतं, लोखंड ओढून घेतं आणि फोटोही बिघडवतं. पोरीनं कानातले काढून दिले. खेळाची पँट काढून आजीनं आणलेली नाडीची सुती सलवार तिनं आधीच घातली होती. "काहीच न्हाई," म्हणाली. तिला निजवलं, गुडघ्याभोवती पांढरा पिंजरा बसवला, कानात बोळे घातले, हलायचं नाही म्हणून बजावलं. मी कॉम्प्युटरच्या खोलीच्या दारात उभी राहिले. त्या माणसानं हाकललं नाही. मशीन सुरू झालं, पिठाच्या गिरणीत कुणी लोखंड टाकलंय असा खडखडाट.

पडद्यावर पहिला फोटो आला. वर मांडी दिसत होती, खाली नळी दिसत होती, आणि मध्ये, जिथं गुडघा पाहिजे, तिथं काळं. शाई सांडल्यासारखं. काही म्हणजे काही दिसेना.

आणि माझ्या मनात काय आलं असेल? बरं झालं. मनात आलं ते आलं. माझं कुणाला दिसलं नाही ना, मग हिचंही नको दिसायला. मायलेकी सारख्या. लाज वाटली, पण नंतर.

तो माणूस उठून आत पळाला. "ओ ताई, लोखंड हाय कायतरी आत!" पोरगी रडकुंडीला आली, आपल्याजवळ काहीच नाही म्हणून शपथा घ्यायला लागली. तिला बाहेर काढलं. सलवारीचा पाय उलटा केला तर आतल्या बाजूला, बरोबर गुडघ्यावर, लाल फडक्याची चिमुकली पुडी, आणि ती मोठ्या सेफ्टी पिनेनं टोचलेली. दर्ग्यातली ऊदी! सासूबाईंनी घरूनच लावून आणली होती, कुणाला पत्ता नाही. तो माणूस त्यांच्यावर चांगला तापला. त्या काही वरमल्या नाहीत. "पोरीच्या गुडघ्याला नजर लागली तर काय करावं? लावली पुडी," म्हणाल्या आणि पिन काढून आपल्या बांगडीत अडकवली.

सगळे हसले. माझ्या मात्र अंगाचा तिळपापड झाला. इतकी वर्षं एका घरात राहिले. माझ्या गुडघ्याला चिमूटभर ऊदी नाही. चिमूटभर! आणि नातीला फोन आल्याबरोबर पुडी, वर पिन.

दुसऱ्यांदा फोटो स्वच्छ आले. डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवलं. दोन हाडांच्या मधून तिरकी गेलेली काळी पट्टी, ताणून बांधलेल्या दाव्यासारखी. "अखंड आहे. हाडाला मुका मार लागलाय, एक बाजू थोडी ताणलीय. आराम केला तर खेळेल." आमच्या ह्यांनी डोळे पुसले. सासूबाईंनी पोरीची दृष्ट काढल्यासारखी बोटं मोडली. मलाही आनंद झाला. हाव, झाला, आई आहे मी. पण त्या काळ्या पट्टीवरून माझी नजर हलेना. इतकी नीट, इतकी ताठ. माझ्याच पोटातून आलेली, आणि माझ्याकडं नसलेली.

मी विचारलं, "अन् फार वर्षांमागं तुटलेली असंल तर ती कशी दिसते?"

डॉक्टरांनी वर बघितलं. "कुणाची?"

मग मी सगळं सांगितलं. खांब, माती, कट्‌कन आवाज. त्यांनी मला तिथंच खाटेवर निजवलं, मांडी एका हातानं धरली आणि नळी दुसऱ्या हातानं पुढं ओढली. ती सरकली. मलाही कळलं सरकली ते. ते म्हणाले, "गेलंय तुमचं लिगामेंट. कधीचंच गेलंय."

"मग फोटो काढा की."

"हातालाच कळतंय. ऑपरेशन करायचं नसेल तर फोटोची गरज नाही."

आमचे हे लगेच म्हणाले, "बघ, गरज न्हाई म्हणले." गरज नाही म्हटल्यावर माणसाचा चेहरा किती उजळतो!

गाडीत सासूबाईंना मी सांगितलं, डॉक्टर म्हणाले माझं तुटलेलं आहे. त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "हात लावून काय कळतंय? पोरीचं तर फोटूत बघून सांगितलं." झालं. म्हणजे डॉक्टरचा हातसुद्धा माझ्याच सोंगात सामील.

घरी आल्यावर मी अबोला धरला. स्वयंपाक करायचे, ताटं वाढायचे, बोलायचे नाही. पोरगी खाटेवर, माझी उशी तिच्या पायाखाली, आजी तिला दाण्याचे लाडू देऊन राहिलेली. तिचा एमआरआयचा मोठा काळा फोटो आमच्या ह्यांनी खिडकीच्या काचेला चिकटवला. शेजारीपाजारी यायचे, उजेडात बघायचे, "बघा, बघा, लिगामेंट," म्हणायचे. माझ्या गिऱ्हाइक बायाही. ब्लाउजचं माप द्यायला आलेली बाई आधी पोरीचा गुडघा बघून येते आणि मग माझ्यासमोर हात पसरते, तेव्हा टेप तिच्या दंडाला जरा जास्तच आवळला जातो.

शेवटी हेच कंटाळले. "जा बाई, काढ तुझा बी फोटो. पण घरात बोल." लातूरच्या डॉक्टरनं विचारलं, ऑपरेशनचा विचार आहे का? मी म्हणाले, विचार करते. विचार करायला काय लागतं? त्यांनी लिहून दिलं. सैल, बिनहुकाचे कपडे घालून या म्हणाले, म्हणून मी नवी सुती सलवार शिवली आणि आदल्या दिवशी खाटेवर काढून ठेवली.

सासूबाईंचं तोंड सुरूच होतं. "ह्या वयात फोटू काढायची हौस आलीय." दुपारी मी एका ब्लाउजचे काज करत होते तर त्या सुई घेऊन आल्या. "मला एवढा दोरा ओवून दे. मला दिसत न्हाई."

"कशाला पाहिजे?"

"गोधडी उसवलीय."

मी चिडलेलीच होते. माझ्या डब्यातला समोर आला तो लाल दोरा ओवला आणि सुई त्यांच्या हातात जवळजवळ फेकली. त्या सुई घेऊन आत गेल्या.

पोरीला गाडी होती, मला लालपरी. उदगीरहून लातूरला दोघी मायलेकी गेलो. तिचा गुडघा बराच बरा झाला होता, तीच मला आधार द्यायला सोबत आली होती, म्हणजे तिथंही तीच वरचढ. मी मंगळसूत्र काढून रुमालात बांधलं. बांगड्या काढल्या, केसातल्या पिना काढल्या. जोडवी निघेनात, बोटं सुजल्यासारखी झाली, मग साबण लावून पोरीनं ओढून काढली. एवढं मोकळं अंग घेऊन मी लग्नानंतर कधी कुठं निजले नव्हते. पण खरं सांगते, भीती वाटली नाही. आज माझी पाळी होती.

त्यांनी पाय पिंजऱ्यात ठेवला, मला आत सरकवलं, गिरणी सुरू झाली. आणि तेवढ्यात मला जाणवलं की गुडघ्याच्या वर काहीतरी आहे. बारीक गोळी. सलवार आणि कातडीच्या मध्ये टोचणारं नाही, पण दाबणारं. पुडी! सासूबाई! आत पिन असणार, फोटो काळा येणार, आणि आमचे हे दुसऱ्यांदा काढू देणार नाहीत. हलायचं नाही म्हणून बजावलेलं. मी दात आवळून पडून राहिले. डोळ्यातून पाणी कानात जात होतं आणि मनात मी सासूला जेवढं येतं तेवढं बोलून घेतलं. पोरीचं चांगलं व्हावं म्हणून पुडी, आणि माझं बिघडावं म्हणूनही पुडीच?

मशीन थांबलं. बाहेर काढल्याबरोबर मी विचारलं, "काळं आलं का?"

"कशाला काळं येईल? मस्त आलेत फोटो," मशीनवाला म्हणाला.

कपडे बदलायच्या आडोशाला जाऊन मी सलवारीचा पाय उलटा केला. लाल फडक्याची पुडी होतीच. पिन नव्हती. चारी बाजूंनी टाके होते, लाल दोऱ्याचे, वाकडेतिकडे, एक मोठा, एक बारीक, एका जागी दोरा गुंतून त्याची गाठ झालेली. मी शिवणारी बाई आहे. असे टाके गिऱ्हाइकाच्या कपड्यात दिसले तर मी उसवून फेकते. मी त्या आडोशाला भिंत धरून उभी राहिले आणि बराच वेळ बाहेर आले नाही. पोरगी हाका मारत होती.

दुपारनंतर डॉक्टरांनी फोटो दाखवले. "इथं ती पट्टी पाहिजे," ते म्हणाले. दोन हाडांच्या मधल्या जागेत बोट फिरवलं. मी डोळे बारीक करून बघितलं.

"कुठंय?"

"नाही. जुनी फाटलेली, विरून गेली. हाडांमधली गादीसुद्धा झिजलीय. एवढी वर्षं तुम्ही लिगामेंट नसताना चालताय."

पोरीनं मोबाईलमधला स्वतःचा फोटो काढला आणि त्याच्या शेजारी धरला. तिच्या गुडघ्यात ती ताठ काळी पट्टी, माझ्यात रिकामी जागा. ती माझ्याकडं बघायला लागली. "आई, तू ह्याच पायावर मला सूर शिकवलास?" आणि रडायलाच लागली. मी तिला जवळ घेतलं. पण खोटं कशाला बोलू, तिच्या डोक्यावरून हात फिरवतानाही माझी नजर तिच्या पट्टीवर होती.

घरी आलो तर सासूबाई ओसरीवर. आमचे हे माझा फोटो उजेडाला धरून बसले. पोरीनं रिकामी जागा दाखवली, डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. ह्यांनी फोटो खाली ठेवला. मग उठून आत गेले आणि पोरीच्या खाटेवरची माझी उशी माझ्या खाटेवर आणून ठेवली. सासूबाईंनी मान वर केली नाही. "दिसलं का मग?" म्हणाल्या.

"दिसलं. तिथं काहीच न्हाई."

"हं," म्हणाल्या.

मी आत गेले, पिशवीतून सलवार काढली आणि मुद्दाम, हाव, मुद्दाम, उलटी करून पोरीच्या पुढ्यात टाकली. घडी घाल म्हणाले. तिनं उचलली, पुडी बघितली, टाक्यांवरून बोट फिरवलं. मग आजीकडं वळली.

"आजी! मला नुसती पिन लावली व्हती, अन् आईला टाके?"

"पिनीनं फोटू बिघडतो म्हणं," सासूबाई म्हणाल्या. "तिचा बिघडून चालला नसता. लई वर्सांचा राहिला व्हता."

पोरीचा चेहरा उतरला. नाक फुगलं. सलवार तशीच टाकून ती पाय आपटत मागच्या अंगणात खांबाकडं गेली. ते नाक, ते फुगणं, माझंच. मी खाटेवर आडवी झाले, गुडघ्याखाली माझी उशी घेतली आणि तिला हाक मारली नाही. जळू दे जरा.